सारसाला हवी तलावाची उथळ कड

उन्हाळा लागला की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी तलावात जेसीबी उतरतो. ट्रॅक्टरांची रांग लागते, गाळ निघतो, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी किती साठलं हे पाहून ग्रामपंचायत खूश होते. पुढे मासेमारी करणारे ढिवर सांगू लागतात की गावचा मासा राहिला नाही. काठावर येणारी सारसाची जोडीही हळूहळू यायची बंद होते. खोदकाम, मासा आणि सारस यांचा एकमेकांशी थेट संबंध आहे, पण ग्रामसभेत तो क्वचितच कोणी मांडतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा-सात हजार माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले, तलाव आहेत. सगळे त्यांना मामा तलावच म्हणतात. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने यातले बरेचसे बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० साली आला आणि तलाव सरकारकडे गेले. ज्यांचं पोट तलावावर होतं त्यांच्या हातून देखभाल सुटली, आणि ज्या खात्यांच्या कागदावर तलाव चढला त्यांच्या लेखी तो फक्त सिंचनाची क्षमता उरला.

मामा तलावाला पाळ बहुधा एकाच बाजूला, उताराच्या खालच्या अंगाला असते. पाळेत तुडुम असतो, त्यातून शेताला पाणी सुटतं. एका टोकाला सांडवा असतो. जादाचं पाणी त्यावरून खालच्या तलावात किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जातं. बाकीच्या बाजू उघड्या, जंगलाकडून नाहीतर माळाकडून सावकाश उतरत येणाऱ्या. त्यामुळे पाळेजवळ पाणी खोल आणि वरच्या अंगाला ते परातीसारखं पसरलेलं. जमीन सपाट असली तर शंभर पावलं आत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. सारसाच्या दृष्टीने तलाव म्हणजे हाच भाग. पाळेजवळच्या खोल पाण्याशी त्याचं फारसं काम नसतं.

उथळ भागात एवढं काय असतं? पाणी गुडघाभर असलं की ऊन तळापर्यंत पोचतं. तळाला ऊन मिळालं की पाण्याखालच्या वनस्पती रुजतात. त्यांच्या पानांवर शेवाळ धरतं, त्यावर गोगलगाई आणि किड्यांच्या अळ्या जगतात, त्यांच्यावर लहान मासे आणि बेडूक. गढूळ पाण्यात मीटरभर खाली गेलं की जवळजवळ अंधारच असतो, तिथे यातलं काही उगवत नाही. शिवाय आपल्या तलावाचं पाणी वर्षभर एका पातळीवर राहत नाही. पावसाळ्यात भरतं, धानाला पाणी सोडलं की उतरू लागतं, मे महिन्यात काही तलावांचा तळ फुटतो. उतरणारं पाणी रोज ओल्या चिखलाचा नवा पट्टा उघडा टाकतं आणि त्या पट्ट्यात कंद, शिंपले, किडे पाखरांच्या हाताशी येतात. तळ उघडा पडल्यामुळे कुजलेलं वाळतं, त्याला हवा लागते आणि पुढच्या पावसात त्याचंच खत होतं. तलाव उन्हाळ्यात थोडा आटणं ही त्याची तब्येत बिघडल्याची खूण नव्हे. बारमाही पाण्याचा हट्ट सगळ्याच तलावांवर लादायचं कारण नाही.

माशांचंही तसंच. बाजारात चालणारे रोहू, कतला, मृगल हे मुळात नदीचे मासे. साचलेल्या तलावात ते सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडावी लागते. मरळीसारखे गावठी मासे मात्र तलावातच, वनस्पतींच्या आडोशाने, उथळ पाण्यात वीण करतात. उथळ कड गेली की त्यांचं बाळंतपणच थांबतं. मग मच्छीमार संस्थेला बोटुकलीच्या खर्चातून सुटका नाही.

आता सारस. उभा राहिला तर माणसाच्या खांद्याला, कधी डोक्याला लागेल एवढा उंच. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतका उंच दुसरा नाही. अंग राखाडी, डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक, पाय गुलाबी. तलावावर दिसणारा प्रत्येक लंबटांग्या सारस नसतो. चित्रबलाक आणि उघड्या चोचीचे करकोचे थव्याने झाडावर घरटी करतात. सारस घरटं जमिनीवर, पाण्यात करतो आणि झाडावर बसत नाही. तो हिवाळी पाहुणाही नव्हे. बारा महिने इथलाच राहतो आणि जोडी वर्षानुवर्षं त्याच परिसराला धरून असते.

कधीकाळी पूर्व विदर्भात बऱ्यापैकी पसरलेला हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या पट्ट्यात उरला आहे. परसवाडा, झिलमिली, झालिया ही तिथली सारसाची ओळखीची ठिकाणं. अलीकडच्या गणनांत जिल्ह्यातला आकडा तीस-चाळीसच्या आसपास घुटमळतो. भंडारा आणि चंद्रपुरात तर एकेकटा पक्षी मोजायची वेळ आली. नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटातही सारस आहेत आणि पक्ष्याला राज्याची सीमा कळत नाही, म्हणून दोन्ही काठांचा हिशेब एकत्रच धरायला हवा.

संख्या एकदा घसरली की सावरायला वेळ का लागतो, हे त्याच्या विणीवरून कळतं. मादी वर्षाला बहुधा दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. दोन्ही पिल्लं जगणं कठीण, एक मोठं झालं तरी ते वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. पिल्लू उडायला तीन महिने घेतं आणि स्वतः वीण करायला त्याला आणखी काही वर्षं लागतात. एक जोडी विजेच्या तारेला चिकटून मेली तर तिची जागा भरायला पाच-सात पावसाळे जाऊ शकतात.

खोलीकरणाने नेमकं काय होतं, ते गणित करून पाहू. समजा तलावाची वरची, उताराची कड ४०० मीटर लांब आहे आणि उतार एकास पन्नास, म्हणजे पन्नास मीटर आत गेल्यावर पाणी एक मीटर खोल. सारसाला चालेल असं ४५ सेंटीमीटरपर्यंतचं पाणी काठापासून साडेबावीस मीटर रुंद पट्ट्यात मिळेल. ४०० गुणिले साडेबावीस, म्हणजे ९,००० चौरस मीटर. सव्वादोन एकर. याच कडेवर यंत्र लावून काठ एकास एक उताराने कापला, तर त्याच खोलीचा पट्टा ४५ सेंटीमीटर रुंद उरतो. क्षेत्र १८० चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन गुंठे. पाणी वाढलं, पण खायची जागा पन्नासपट घटली. कागदावर मात्र तलावाची 'साठवण क्षमता वाढली' एवढंच येतं.

याचा अर्थ गाळ काढूच नये असा नाही. गाळ साचतो आणि काढावाही लागतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे आणि तो गाळ हलक्या जमिनीला फार चांगला. प्रश्न कुठून, किती आणि कुठपर्यंत काढायचा याचा आहे. काळा मऊ थर संपून मुरूम किंवा पिवळी माती लागली की थांबायचं. तळातला चिकण थरच पाणी धरून ठेवतो, तो फुटला की पाणी खाली झिरपतं आणि खोल केलेला तलाव आधीपेक्षा लवकर आटतो. पाळेला चिकटून खोदायचं नाही. पाळ जितकी उंच, तिच्या निदान चार-पाचपट अंतर आतल्या पायथ्यापासून सोडावं, नाहीतर भर पावसात पाळ आत घसरते. आणि वरच्या, पसरट अंगाला तर यंत्र न्यायचंच नाही. गाळ हवा असेल तर तो मधल्या भागातून घ्यावा. अंदाजासाठी सांगायचं तर एक हेक्टरवरून फूटभर थर काढला की साधारण ३,००० घनमीटर माती निघते, तीन घनमीटरची ट्रॉली धरली तर हजार ट्रॉल्या. तेवढी उचलायची शेतकऱ्यांची तयारी आहे का, हे आधी पाहावं. नाहीतर उरलेले ढीग काठावरच पडतात आणि पहिल्या पावसात पुन्हा आत जातात.

खोलीकरणाइतकाच दुसरा मोठा शत्रू बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप कुंपणाला सोपं, गुरं खात नाहीत म्हणून लोकांनी लावलं. जनावराने खाल्लंच तर त्याला विषबाधा होते. चिखलाला टेकलेल्या प्रत्येक पेरावर त्याला मुळं फुटतात. म्हणून ते विळ्याने कापून तिथेच टाकणं म्हणजे नवी लागवड. उन्हाळ्यात तळ कडक झाला की ओढताना खोड तुटतं, मूळ आत राहतं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, चिखल मऊ असताना आणि बी धरायच्या आधी, मुळासकट उपटायचं. काढलेलं सगळं पाणी चढणार नाही अशा उंच जागी पसरून पूर्ण वाळवायचं. महिन्याभराने त्याच जागी पुन्हा फेरी मारायची, आणि पुढची दोन वर्षं दर पावसाळ्यात. पहिल्या वर्षी मजूर लावून दुसऱ्या वर्षी विसरणं हा या कामातला नेहमीचा घात. तलाव तिसऱ्या वर्षी होता तसा होतो आणि खर्च वाया जातो.

बेशरम निघाली की मोकळ्या चिखलात काय येईल याची वाट पाहत बसू नये, पाणकणीस येतं आणि माजतं. मे-जूनमध्ये, तळ वाळलेला असताना, वरच्या उथळ भागाची एक हलकी नांगरट करून घ्यावी. गुरांच्या खुरांनी दाबलेल्या मातीत कोवळी मुळं शिरत नाहीत, म्हणून. सगळा तलाव नांगरायचा नाही; आधी एखाद्या एकराचा तुकडा. पाऊस पडून त्यात गुडघाभर पाणी स्थिरावलं की जुलै-ऑगस्टमध्ये लागवड. रोपं विकत आणायची नाहीत, शेजारच्या धड तलावातून आणायची. पाण्याखाली राहणारी हायड्रिला आणि फितीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया, पाण्यावर पान तरंगणारं कुमुद, आणि काठाला पोकळ हिरव्या नळ्यांसारखं उगवणारं, मुळाशी कंद धरणारं लव्हाळ्याच्या जातीचं गवत. हा कंद सारस चोचीने उकरून खातो. आपोआप उगवणारं देवधान असेल तर तेही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, त्या दिवशी याच पडीक धानाची आठवण होते. एरवी ते तण ठरतं. रोपं धानाच्या रोवणीसारखीच, मुठीत चार-पाच धरून हातभर अंतरावर लावायची. ती ओळखायला पुस्तकापेक्षा गावातल्या म्हाताऱ्या ढिवरांना आणि त्यांच्या बायकांना पुढे घ्या. नावं गावागणिक बदलतात, पण कुठल्या वनस्पतीखाली कुठला मासा अंडी घालतो हे त्यांना पाठ असतं.

लावलेला तुकडा पहिले दोन पावसाळे गुरांपासून आणि गवत खाणाऱ्या माशांपासून जपावा लागतो. ग्रास कार्प सोडलेल्या तलावात पाणवनस्पती लावणं म्हणजे त्याला चारा घालणं. मच्छीमार संस्थेशी बोलून निदान त्या तलावात ग्रास कार्प, तिलापिया बंद करावे. आफ्रिकन मांगूर तर कुठेच नको. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे, तरी तो चोरून येतो. संस्थेचं उत्पन्न बुडवून सारस वाचणार नाही, म्हणून रोहू-कतला चालू ठेवायला हरकत नाही. फक्त वरचा उथळ तुकडा जाळ्याविना सोडावा आणि पहिल्या पुराच्या दिवसांत, गावठी मासा चढतो तेव्हा, सांडव्याच्या तोंडाशी जाळी लावू नयेत. मरळ सावरली की बाजारात तिचा भाव रोहूपेक्षा चढाच असतो, हे ढिवरांना सांगावं लागत नाही.

तलाव सुधारला तरी सारसाची बरीच घरटी धानाच्या बांधीतच, म्हणजे बांध घातलेल्या खाचरातच, होतात. उथळ पाणी, मऊ चिखल, चहूबाजूंनी मोकळी नजर. त्याला शेतात तलावच दिसतो. आजूबाजूची रोपं उपटून तो दोन मीटरभर रुंदीचा ढीग रचतो. रोवणी झालेल्या बांधीतली एवढी जागा जाणं शेतकऱ्याला टोचणारच. उपटलेल्या रोपांची भरपाई तिथल्या तिथे, पंचनाम्याच्या फेऱ्यांत न अडकवता द्यावी. गावाने आपल्या निधीतून थोडी रक्कम आधीच बाजूला काढली तर वाद होत नाही. रक्कम लहान असते, पण उशीर झाला की पुढच्या वर्षी घरटं दिसताक्षणी मोडलं जातं.

घरटं सापडलं तर जवळ जाऊ नये. माणूस आला की उबवणारा पक्षी उठतो, आणि तो दूर असताना कावळा अंडं फोडतो. फोटोसाठी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गर्दी करणाऱ्यांना गावानेच अडवावं. पाण्याकडे जास्त लक्ष हवं. घरट्याभोवतीचं पाणी म्हणजे त्याचा खंदक. बांधी एकदम फोडून पाणी सोडलं तर रात्री कुत्री आणि कोल्हे चालत आत येतात. वरच्या बांधीचं पाणी एकदम घेतलं तर अंडी बुडतात. पाणी हळूहळू चढलं तर सारस ढिगावर काडी टाकून घरटं उंच करतो, पण एका रात्रीत हातभर चढलं तर त्याचं काही चालत नाही. म्हणून मुसळधार पावसात त्या बांधीचं जादा पाणी बाजूने वाटेला लावायचं. अंडी-पिल्लं असेपर्यंत त्या बांधीत आणि लगतच्या बांध्यांत फवारणी आणि दाणेदार कीटकनाशक टाळावं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेवमध्ये १९८० च्या दशकाअखेर सारस मेले, ते आसपासच्या शेतांत वापरलेल्या ऑल्ड्रिनने. विष लावलेलं बियाणं उघडं सांडू न देणं हाही त्याच सावधगिरीचा भाग.

घोटाळा होतो तो कापणीला. जुलै-ऑगस्टमध्ये अंडी घातली तर लवकर पिकणारं हलकं धान कापायला येतं तेव्हा पिल्लू उडत नसतं. धोका वाटला की ते धानात चपटं होऊन बसतं, पळत नाही. हार्वेस्टरवाल्याला ते दिसणार नाही. अशा शेतात हाताने कापणी करावी, एका बाजूने सुरू करून तलावाकडे सरकत जावं, म्हणजे पिल्लाला मोकळी वाट मिळते. एकटं दिसलं म्हणून ते उचलून आणू नये. आई-बाप शंभर पावलांवर माणूस जायची वाट पाहत असतात. खरंच जखमी असेल तरच वनरक्षकाला कळवावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला, त्याच्या अंड्यांना हात लावणं गुन्हा आहे.

मोठ्या सारसाचा मृत्यू मात्र बहुतेक वेळा तारेवर होतो. पंखांचा पसारा आठ फुटांच्या घरात, अंग जड, झटकन वळता येत नाही. ११ केव्हीच्या दोन तारांमधलं अंतर त्याच्या पंखांपेक्षा कमी असतं, दोन्हींना एकाच वेळी स्पर्श झाला की संपलं. तलाव आणि रात्री मुक्कामाची जागा यांच्यामधली लाइन सगळ्यांत घातक, कारण ती तो पहाटेच्या धुक्यात आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात ओलांडतो. महावितरणकडे अर्ज करताना 'आमच्या गावातील तारा' असं मोघम लिहू नये. खांबांचे क्रमांक, कुठल्या खांबापासून कुठल्यापर्यंत आणि मोबाइलवर घेतलेलं ठिकाण द्यावं. मागणी दोन गोष्टींची: तारांना इन्सुलेशनचं आवरण, आणि दर पाच-दहा मीटरवर चकाकणारे बर्ड डायव्हर्टर, म्हणजे पक्ष्याला तार लांबून दिसावी म्हणून लटकवलेल्या खुणा.

गणनेचं तंत्र फार अवघड नाही. पावसाळ्याआधी, जूनमध्ये, जोड्या घरट्यांवर पांगायच्या आत करतात. सगळ्या ठिकाणी एकाच पहाटे, उजाडण्याआधी दोघे-दोघे जाऊन बसायचं. किती, मोठे की पिल्लं, किती वाजता आणि कुठल्या दिशेने उडाले हे लिहायचं. दिशा आणि वेळ नसेल तर तोच पक्षी तीन गावांत तीनदा मोजला जातो.

कायद्याची बाजू थोडी फसवी आहे. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत खरे, पण खास सिंचनासाठी बांधलेले जलसाठे त्यांच्या व्याख्येतून वगळले आहेत. मामा तलाव नेमके तिथेच अडकतात. म्हणून गावाने दुसऱ्या वाटा धराव्यात. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तलाव, त्यातल्या वनस्पती, गावठी मासे आणि सारसाच्या घरट्यांची ठिकाणं तारखेसह लिहून घ्यावीत. निस्तार पत्रकात तलावावरचे जुने हक्क नोंदलेले असतात, त्याची प्रत काढावी. तलाव वनजमिनीवर असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट आहे. सारसाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून हाती घेतला आणि जिल्ह्यात त्यासाठी समिती आहे. नोंदवहीचं पान जोडून तिच्याकडे दिलेला अर्ज साध्या तक्रारीपेक्षा वजनदार ठरतो.

आणि जेसीबी आधीच येऊन गेला असेल, काठ सरळ कापलेला असेल, तरी सगळं संपलेलं नसतं. पुढच्या उन्हाळ्यात तेच यंत्र उलट्या कामाला लावायचं. कापलेल्या काठाची माती आत ढकलून वरच्या अंगाला रुंद पायऱ्या पाडायच्या. पूर्ण भरल्यावर जिथे वीतभर पाणी राहील तिथे एक, गुडघाभर राहील तिथे दुसरी, प्रत्येक पायरी निदान दहा मीटर रुंद. पाण्याची खूण सांडव्याच्या उंचीवरून पाण्याच्या नळीने आधी घ्यायची, अंदाजाने नाही. फूटभर चुकलं तर पायरी एकतर कोरडी राहते नाहीतर बुडते. ढकललेली माती एक पावसाळा बसू द्यायची आणि लागवड त्याच्या पुढच्या वर्षी करायची. घाईने लावलेली रोपं खचणाऱ्या मातीबरोबर खाली जातात.